सहा एकर वावर: ट्रॅक्टर १८ एचपीचा की ४५?

धुऱ्यावरून (दारव्हा): काळी जमीन. चार एकर पऱ्हाटी (कापूस), दोन एकर सोयाबीन. बैलजोडी औंदा विकली, डवऱ्यामागे (ओळींमधलं तण काढायचं अवजार) चालायला माणूस मिळत नाही. बाबांना ४५ एचपीच पाहिजे. "घ्यायचा तर ट्रॅक्टरसारखा ट्रॅक्टर घे, खेळणं नको." मी म्हणतो १८. नांगरणी वर्षातून एकदा, ती भाड्यानं होऊन जाते. आपलं अडतं ते डवरणीला. तेव्हा भाड्याचा ट्रॅक्टर येत नाही, आला तरी पऱ्हाटीत घुसत नाही. आमच्या ओळी चार फुटांवर, १८ चा मिनी ट्रॅक्टर सव्वातीन फुटांत निघतो. सोयाबीन दीड फुटावर. चाकांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत तीन फूट ठेवलं की दोन ओळी पोटाखालून जातात.

काळीमाती (अकोट): भाऊ, हेच सगळं बोलून मी १५ चा घेतला होता. मे महिन्यात पलटी नांगर लावला तर पुढची चाकं वर! रोटाव्हेटर तीन फुटी, ढेकूळ आलं की इंजिन धापा टाकायचं. १५ एचपी कागदावर, पीटीओला (मागचा दांडा, ज्यावर अवजारं फिरतात) ११-१२ च उरतात. सोयाबीन काढायला थ्रेशर शेवटी शेजाऱ्याच्याच ट्रॅक्टरवर. दोन वर्षांत विकला. ४५ घे, चार लोकांची वावरं नांगर, हप्ता निघतो.

धुऱ्यावरून: कसा निघतो? गावात आधीच अकरा ट्रॅक्टर आहेत. पेरणीला सगळे एकाच आठवड्यात पळतात, बाकी वर्ष चिंचेखाली उभे. भाडं उधार, डिझेल नगदी. सातबाऱ्यावर बोजा चढतो तो वेगळाच.

संत्रावाला (वरुड): बाग असती तर २४ एचपी, चारही चाकांना जोर असलेला घे म्हटलं असतं. फांद्यांखालून जातो, फवारणीचा ब्लोअरही ओढतो. कोरडवाहू पऱ्हाटीला तेवढा कायले?

जोडीवाला: चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! मांगच्या साली आमच्या पांदणीत, म्हंजे वावराच्या रस्त्यात, ४५ चा फसला. दोन टनाचं धूड. त्याले काढाले दुसरा आनला, थो बी फसला. शेवटी माही जोडी जुपली, राजेहो. चहा बी पाजला नाही कोनं.

काळीमाती: हसलो. पण बारा महिने चारा अन् सालदाराचं साल कोण देणार, तेही सांगा.

गटातला: अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठी समाजकल्याणची योजना आहे. ९ ते १८ एचपीचा मिनी आणि अवजारं, खर्चाची मर्यादा साडेतीन लाख, अनुदान ९० टक्के. आमच्या गटाकडं आहे. भांडण एकच, पाऊस पडला की तो दहाही घरांना त्याच दिवशी पाहिजे. स्वतःच्या पैशानं घेणाऱ्यांसाठी: सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, जुन्या कोटेशनवर सही करू नका.

धुऱ्यावरून: बाबांना पांदणीचा किस्सा वाचून दाखवला. "आपली पांदण मुरमाची आहे," म्हणाले. अकोटचे भाऊ, एक विचारतो. चाकं उचलत होती तेव्हा पुढं वजनं लावली होती का?

काळीमाती: वजनं? विकणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं.