पुढच्याला आरामात पळू देणं: डाव की संगनमत?

प्रश्न: हार्नेस रेसिंगचे (घोडे ठरलेल्या चालीने, चौखूर न उधळता, ड्रायव्हर बसलेली हलकी दुचाकी गाडी ओढत पळतात त्या शर्यतीचे) रिप्ले पाहतोय. पुढचा ड्रायव्हर मधल्या टप्प्यात वेग पार उतरवतो, बाकीचे निमूट मागे. स्ट्यूअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, हे चालवून कसं घेतात?

उत्तर: वेग उतरवणं हा डावच आहे. पुढच्याच्या बाजूला, बाहेरून, आडोशाशिवाय पळणाऱ्याला वाऱ्याचा मार बसतो, वळणावर अंतरही जास्त. ऑस्ट्रेलियात त्या जागेला ‘डेथ सीट’ म्हणतात ते उगाच नाही. तिथे आपणहून कोण जाईल?

प्रश्नकर्ता: पण पुढचा आणि निमूट मागे राहणारा, दोन्ही घोडे एकाच ट्रेनरचे असले तर?

दुसरं उत्तर: खरी मेख तिथेच. मी तर घोडा सोडून ड्रायव्हरचे हात बघतो. शेवटचं वळण, समोर मोकळी वाट, आणि लगाम अजून आवळलेलाच! स्ट्यूअर्डही चित्रण आणि टप्प्यांच्या वेळा तपासून जाब विचारतात. पण चुकलेला अंदाज आणि मुद्दाम केलेली ढिलाई पडद्यावर सारखीच दिसते हो.

पहिला उत्तर देणारा: आणि घोडा ठरलेली चाल मोडून चौखूर उधळला तर त्याला आवरावंच लागतं, नियमच आहे. मी एकदा त्यालाच लबाडी म्हणून बसलो, चारचौघांत शोभा झाली.