मदत हवी आहे: मेव्हण्याची इंग्लंडमधली गाडी साताऱ्याला आणायची आहे

कंदीपेढा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात गोडोलीला राहतो. माझा मेव्हणा नऊ वर्षं लेस्टरला आहे आणि जानेवारीत बायकापोरांसह कायमचा परत येतोय. घरसामान कंटेनरनं येणार हे ठरलंय. घोडं अडलंय ते गाडीवर.

गाडी टोयोटा यारिस क्रॉस, हायब्रिड, दीड लिटरचं इंजिन, २०२३ च्या मार्चमध्ये नवी घेतलेली. एकोणीस हजार मैल झालेत. तिथला डीलर साडेचौदा हजार पौंडांच्या वर जायला तयार नाही. मेव्हण्याचं म्हणणं असं की, "दाजी, तिकडेही डावीकडूनच गाड्या चालतात, स्टिअरिंग उजवीकडेच आहे, मग कवडीमोलानं विकून का येऊ? एवढ्या पैशात तिथं अशी गाडी मिळेल का?"

मलाही ते पटलं होतं. सासूबाईंनी तर कोरेगावच्या घरी जुन्या गोठ्याची जागा मोकळी करून पत्र्याची शेड टाकायलाही काढली आहे.

आता अडचण. ओळखीतून मुंबईचा एक एजंट मिळाला. तो म्हणतो, बिल चार हजार पौंडांचं करून घ्या, दहा-अकरा लाखांत बंदरातून गाडी सोडवून देतो. ऐकूनच पोटात गोळा आला. हे असं चालतं का? कायम परत येणाऱ्याला सामानावर सूट असते, ती गाडीला लागत नाही का? आणि पुढे आपल्या आरटीओत एमएच ११ ची नोंदणी होते का? कोणी हे केलं असेल तर कृपया सांगा. ऐकीव नको, ऐकीव माहिती मला इथल्या चौकातही भरपूर मिळते.

एसटीवाला

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

विटेकर

आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. चुलत भाऊ तर दुबईला पोचला. त्यानं २०१८ ला लँड क्रूझर आणली होती, पण कायमची नाही, कार्नेवर. कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्टच समजा. तिथल्या ऑटोमोबाईल क्लबकडून घ्यायचा, हमीची रक्कम ठेवायची, गाडी इथं आणायची आणि सहा महिन्यांच्या आत परत बाहेर न्यायची. नाही नेली तर पूर्ण ड्युटी बोकांडी बसते.

दुबईची गाडी, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. तासवडेच्या टोलनाक्यावर मी उजवीकडच्या सीटवर हात बांधून बसलेलो. नाक्यावरचा पोरगा माझ्याकडं हात करतोय आणि वाकून वाकून माझ्यापुढं स्टिअरिंग शोधतोय. मागं ट्रकवाले हॉर्नवर. गावात जत्रेला मिरवली गाडी, पण ओव्हरटेक करायचा म्हटला की मला मान बाहेर काढून "ये, ये, थांब थांब" करावं लागायचं. तशी डावीकडच्या स्टिअरिंगची जुनी गाडी कायमची आणायला परवानगीच नाही. तुमच्या मेव्हण्यांची तेवढी अडचण नाही, पण ते कायमचे येतायत, त्यामुळं कार्ने त्यांच्या कामाचा नाही.

बंदरावरचा

मूळ वाईचा, कस्टम ब्रोकरकडे बारा वर्षं काढली, आता तो धंदा सोडलाय. त्यामुळे मोकळेपणानं लिहितो.

आधी सूट. कस्टम्स कायदा, १९६२ मध्ये 'बॅगेज'ची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येतच लिहिलंय की मोटार वाहन त्यात येत नाही. फ्रीज, वॉशिंग मशीन, भांडीकुंडी यांना जी सवलत मिळते ती गाडीच्या जवळपासही फिरकत नाही. परदेशात सलग दोन वर्षं राहून कायम परतणाऱ्यानं, वर्षभर स्वतःच्या ताब्यात असलेली गाडी आणावी अशी वेगळी वाट धोरणात आहे. पण ती वाट 'पूर्ण ड्युटी भरून' या शब्दांनी सुरू होते. लोक पहिला अर्धा भाग वाचतात आणि खूश होतात.

दुसरं, जुन्या गाडीच्या अटी. उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको. स्टिअरिंग उजवीकडे. स्पीडोमीटर किलोमीटर दाखवणारा. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा. पुढची किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्याच्या लायकीची. निघण्यापूर्वी तिथल्या तपासणीचा दाखला, आणि उतरवायची फक्त मुंबई बंदरात. उतरल्यावर पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून चाचणी. या सगळ्यात लोक फसतात ते 'उत्पादनाची तारीख' या शब्दावर. तुम्ही मार्च २०२३ म्हणताय ती नोंदणीची तारीख असणार. गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली ते कंपनीकडून लेखी मागवा.

आता खरी ग्यानबाची मेख. तुम्ही गाडी कितीला घेतली, तिथला डीलर आज किती देतो, याच्याशी कस्टम्सला देणंघेणं नाही. जुन्या गाडीची किंमत ते नव्या गाडीच्या मूळ किमतीवरून उलट मोजत येतात. पहिल्या वर्षात दर तिमाहीला ४ टक्के घसारा, दुसऱ्या वर्षात ३, तिसऱ्यात अडीच, पुढे २, आणि एकूण ७० टक्क्यांच्या वर नाही. वर जहाजाचं भाडं आणि विमा. भाड्याची पावती नसेल तर किमतीच्या २० टक्के भाडं धरतात.

मेव्हण्यांची गाडी धरून बघू. कंपनीची किंमत, तिथला व्हॅट वजा जाता, २२ हजार पौंड धरतो. व्हॅट वजा करायचा की नाही यावर वाद घालता येईल, पण मी तुमच्या बाजूनं धरलाय. पौंडाला ११५ रुपये म्हटले तर २५ लाख ३० हजार. अकरा तिमाह्यांचा घसारा १६ अधिक १२ अधिक साडेसात, म्हणजे साडेपस्तीस टक्के. उरले १६ लाख ३२ हजार. भाडं, विमा मिळवून १८ लाख समजा.

त्यावर जुन्या गाडीची ड्युटी. पूर्वी ती १२५ टक्के आणि वर समाजकल्याण अधिभार अशी असायची. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ ड्युटी ७० टक्क्यांवर आणली, तेव्हा बऱ्याच जणांनी मला फोन केले, "गाड्या स्वस्त झाल्या म्हणे!" झाल्या कुठे? सोबत साडेसदुसष्ट टक्क्यांचा कृषी सेस लावला. आधीही बेरीज १३७.५ होती, आताही तेवढीच आहे. तर १८ लाखांवर पावणेपंचवीस लाख. झाले पावणेत्रेचाळीस. या सगळ्यावर जीएसटी. दीड लिटरची हायब्रिड लहान गाडीच्या १८ टक्क्यांत बसत नाही, ४० टक्के लागतो. म्हणजे आणखी १७ लाख १० हजार.

एकूण ५९ लाख ८५ हजार. त्यातला कर जवळजवळ ४२ लाख. साताऱ्याच्या आरटीओत नोंदणी होते, त्यात अडचण नाही, बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात करताना कस्टम्सकडे भरलेला कागद, आणि चाचणीचे कागद लागतात. फक्त तिथला रोड टॅक्स यात धरलेला नाही आणि आयात गाडीला तो देशी गाडीपेक्षा जास्त असतो.

एजंटचं सांगतो. चार हजार पौंडांचं बिल म्हणजे खोटी किंमत जाहीर करणं. अशा मालाची जप्ती होऊ शकते, दंड वेगळा. आणि नोटीस येते ती गाडी ज्याच्या नावावर असते त्याला. एजंटचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. भूतानमार्गे आलेल्या गाड्यांवरून २०२५ च्या सप्टेंबरात केरळात कस्टम्सचे छापे पडले, तेव्हा पुढून विकत घेणाऱ्यांच्याही दारात अधिकारी गेले होते. त्या एजंटचा नंबर डिलीट करा.

एसटीवाला

गाडी १६ लाखांची, टॅक्स ४२ लाखांचा. मेव्हण्याला म्हणावं गाडी तिथंच ठेव आणि चालवायला वर्षातून दोनदा विमानानं जा. नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरेल.

कंदीपेढा

@बंदरावरचा, दंडवत घ्या. तुमचा हिशोब मी कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून काढला, दोनदा. दोन्ही वेळा ५९ लाख ८५ हजारच आले. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, एक शून्य जास्त पडलं असेल, नीट बघ.

एकच शंका उरली. इंग्लंडशी आता व्यापार करार झालाय ना? मेव्हणा तेच धरून बसलाय, की म्हणे गाड्यांवरची ड्युटी उतरणार.

बंदरावरचा

करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, खरं आहे. पण अशा करारातली सवलत गाडी कुठे विकत घेतली यावर मिळत नाही, कुठे बनली यावर मिळते. यारिस क्रॉस टोयोटाच्या फ्रान्समधल्या कारखान्यात बनते, व्हॅलेन्सिएनजवळ. इंग्लंडच्या शोरूममध्ये घेतली म्हणून ती इंग्लिश होत नाही. कंदी पेढा पुण्यात घेतला तरी तो साताऱ्याचाच ना?

स्पॅनर

सांगलीत गॅरेज आहे माझं. कराचं तुम्ही बघा, मी नंतरचं सांगतो. हे मॉडेल भारतात विकलंच जात नाही. बोनेटखालचं एकवेळ जमवता येईल, पण काच, बंपर, दिवे कुठून आणणार? माझ्याकडं एकजण बाहेरून आणलेली जपानी गाडी घेऊन आला होता, मॉडेल इथलं नव्हे. म्हशीला धडकून उजवा हेडलॅम्प फुटलेला. तो बाहेरून मागवेपर्यंत अडीच महिने गाडी माझ्या शेडमध्ये उभी. तेवढ्यात उंदरांनी डॅशबोर्डाखालचं वायरिंग कुरतडलं. दिवा आला तेव्हा गाडी सुरू होईना. मालक रोज संध्याकाळी येऊन गाडीकडं बघत चहा प्यायचा आणि जायचा. शेवटी मीच चहाचे पैसे घ्यायचे सोडले.

आणि भाऊ, कोरेगावच्या शेडमध्ये ठेवणार असाल तर उंदीर आधी धरा.

लेस्टरकर

धागा उशिरा पाहिला. मी इकडेच राहते, मूळ कराडची. सगळ्यांनी इतकं लिहिलंय, पण पहिला प्रश्न कोणीच विचारला नाही. गाडी घेतली कशी? रोखीनं, कर्जावर की पीसीपीवर?

इकडे नवी गाडी घेणारे बरेचसे लोक पीसीपी करतात. थोडे पैसे आधी, मग तीन-चार वर्षं हप्ते, आणि शेवटी एक मोठी रक्कम. ती भरली तर गाडी तुमची, नाही तर किल्ली परत देऊन मोकळे. तोवर गाडी फायनान्स कंपनीच्या मालकीची. तुमच्याकडे असलेल्या लॉगबुकवर, म्हणजे व्ही५सी वर, तुमचं नाव 'रजिस्टर्ड कीपर' म्हणून असतं. मालक म्हणून नव्हे, हे त्याच कागदावर छापलेलं असतं. लोक ते नाव बघून गाडी आपली समजतात. मीसुद्धा पहिली दोन वर्षं तशीच समजत होते. अशी गाडी कंपनीला न विचारता देशाबाहेर कायमची नेता येत नाही. मेव्हण्यांना लॉगबुक नको, फायनान्सचा करार काढून बघायला सांगा.

कंदीपेढा

@लेस्टरकर ताई, काल रात्री मेव्हण्याला फोन लावला. आधी म्हणाला "गाडी माझीच आहे, नाव आहे कागदावर." मग म्हणाला "थांबा दाजी." दहा मिनिटं नुसते ड्रॉवर उघडल्याचे आवाज. मग बराच वेळ काहीच नाही.

पीसीपीच आहे. चार वर्षांची. २०२७ च्या मार्चपर्यंत हप्ते आणि वर आठ हजार तीनशे पौंडांचा शेवटचा हप्ता. म्हणजे आम्ही गेले दोन महिने जी गाडी साताऱ्याला आणायची म्हणून भांडतोय, ती अजून त्याची नाहीच. माझ्या बायकोनं फोन हातात घेऊन सख्ख्या भावाला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता मुदतीआधी सुटायचं कसं ते त्याला सांगा. साडेचौदा हजार देणारा डीलर कंपनीचं देणं परस्पर फेडेल का?

लेस्टरकर

फेडतात, रोजचंच आहे त्यांचं. मेव्हण्यांनी फायनान्स कंपनीकडून 'सेटलमेंट फिगर' लेखी मागवायची. डीलर ती रक्कम थेट कंपनीला भरतो, वर उरतील ते पौंड मेव्हण्यांच्या हातात. देणं साडेचौदा हजारांपेक्षा जास्त निघालं तर फरक त्यांना खिशातून घालावा लागेल. तसं असेल तर करारातलं 'व्हॉलंटरी टर्मिनेशन'चं कलम वाचायला सांगा. एकूण देण्यातली निम्मी रक्कम भरून झाली असेल तर गाडी परत देऊन मोकळं होण्याचा हक्क इथल्या कायद्यानं आहे. त्या निम्म्यात शेवटचा मोठा हप्ताही धरतात, हे विसरू नका. आणि एकाच डीलरवर थांबू नका, तीन-चार ठिकाणी भाव काढा.

कंदीपेढा

अपडेट देतो. चौथ्या डीलरनं १५ हजार २०० पौंड सांगितले, देणं १३ हजारांच्या आसपास निघालं. मेव्हणा तिथंच गाडी देतोय. त्याचा आवाज पडलाय, पण कॅलेंडरच्या पाठीचा फोटो पाठवल्यापासून वाद घालत नाही. सासूबाईंना कसं सांगायचं हा प्रश्न होता, तो त्यांनीच सोडवला. शेड झालीच आहे तर इथली घ्या म्हणाल्या, पण जानेवारीच्या आत, पोरं आली की त्यांना दारात गाडी दिसली पाहिजे.

तर आता हायब्रिडची सवय असलेल्या माणसासाठी इथलीच जुनी हायब्रिड बघतोय. पुढच्या रविवारी पुण्याला दोन इनोव्हा हायक्रॉस बघायला जाणार आहे, दोन्ही २०२३ च्या. हायब्रिड बॅटरीला कंपनीची आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते इतकं वाचलंय. @स्पॅनर भाऊ, बघायला जाताना बॅटरी तपासायला नेमकं काय मागायचं? सर्व्हिस सेंटरचा हेल्थ रिपोर्ट पुरेसा आहे की स्कॅनर लावून बघायला कोणाला तरी सोबत न्यावं? रविवारी तुम्हाला सुट्टी असेल तर जाता-येता डिझेल आणि जेवण माझ्याकडे.