अनुभव धागा: कोरियातल्या गल्लीतलं चायनीज आणि जुन्या धाटणीच्या नूडल्स

कोरियात राहणाऱ्या आणि राहून आलेल्या मंडळींनो, घराजवळच्या चार-सहा टेबलांच्या कोरियन-चायनीज हॉटेलात तुम्ही काय खाल्लंत, काय आवडलं ते इथे लिहा. सुरुवात मी करते.

सुवॉनला आमच्या इमारतीमागे एक वयस्कर नवरा-बायको असं हॉटेल चालवतात. तिथे 'येन्नाल जाजांग', म्हणजे जुन्या पद्धतीचं जाजांगम्यॉन (काळ्या सॉसमध्ये कालवलेल्या नूडल्स) मिळतं. बटाट्याच्या मोठ्या फोडी, कोबी, कांदा भरपूर, डुकराचं मांस बेताचं. चुनजांग ही सोयाबीनची काळी पेस्ट काका आधी तेलात चांगली परततात, मगच तिचा कडवटपणा जातो. वाडगा समोर आला की फोटोच्या नादी न लागता तळापासून कालवायचं, नाहीतर नूडल्सचा गोळा होतो. सोबत पिवळा मुळा आणि कच्चा कांदा, दोन्हींवर थोडं व्हिनेगर. सोलमध्ये याचा सरासरी दर 2023 मध्येच 7,000 वॉनच्या वर गेला. आमच्याकडे अजून 5,000 आहे आणि पोट भरतं.

---

इंचॉनला गेलात तर चायनाटाउनमधलं जाजांगम्यॉन संग्रहालय जरूर बघा. 1883 मध्ये बंदर खुलं झालं, शांडोंगहून माणसं आली, त्यांच्याबरोबर हा पदार्थ आला आणि इथे गोडसर होत गेला. गोंगह्वाचुन या जुन्या हॉटेलाच्या इमारतीतच 2012 पासून हे संग्रहालय आहे. जेवायला मात्र मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्लीत जा. तिथे स्वस्तही मिळतं आणि चवही जास्त आवडली.

---

शाकाहारी मंडळींसाठी: साध्या जाजांगचा सॉस मोठ्या कढईत आधीच तयार असतो, त्यातून मांस वगळता येत नाही. गानजाजांग मागवा. तो ऑर्डरनंतर ताजा परततात, स्टार्चचं पाणी घालत नाहीत आणि सॉस वेगळ्या वाडग्यात देतात. 'कोगी प्पे जुसेयो' म्हटलं की मांस वगळतात. पण फोडणी डुकराच्या चरबीत आहे का आणि ऑयस्टर सॉस घालतात का, हेही विचारा. माझ्या ओळखीच्या काकू आता मला बघितलं की स्वतःहून वेगळी कढई घेतात. परक्या देशात एवढी आस्था मिळते, याचं मला फार अप्रूप आहे.

---

थंडीत उलम्यॉन! अंडं सोडलेलं, स्टार्चने दाट केलेलं पांढुरकं सूप, तिखट अजिबात नाही. नव्या हॉटेलांच्या मेनूत आता क्वचितच दिसतं. कुठे दिसलं तर सोडू नका.

---

देजॉनला पीएचडी करताना घर बदललं, तेव्हा लॅबमधल्या सीनियरने खोक्यांच्या ढिगातच जाजांगम्यॉन मागवलं. सामान हलवायच्या दिवशी हेच खायचं, असा इथला रिवाजच आहे. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सगळे जेवलो. हॉटेलवाल्या काकांनी तळलेले मांडू (मोमोसारखे) 'सर्व्हिस' म्हणून फुकट पाठवले होते. रिकामे वाडगे दाराबाहेर ठेवले की ते येऊन घेऊन जातात.

पुसानकडे गानजाजांगवर तळलेलं अंडं घालतात. तिकडचं कुणी आहे का? तुमच्या गल्लीतलं हॉटेल आणि आताचा दर, दोन्ही लिहा.