शब्दचर्चा: 'टाइट सँडस्टोन'ला मराठीत काय म्हणायचं?

नैसर्गिक वायूवरचा एक लेख मराठीत करतेय, त्यात टाइट सँडस्टोन पानोपानी आहे. 'घट्ट वालुकाश्म' लिहिलं तर घरच्यांनी विचारलं, घट्ट म्हणजे वरणासारखा का? 'कठीण' चालेल?

> कठीण अजिबात नको हो ताई, कठीणपणाचा इथे संबंधच नाही. टाइट म्हणजे ज्यातून वायू नीट वाहत नाही तो, पार्यता (म्हणजे खडकातून वायू किंवा पाणी किती सहज वाहतं ते, मिलिडार्सी हे तिचं एकक) ०.१ मिलिडार्सीच्या खाली असली की टाइट म्हणायचा प्रघात आहे. चीनमधलं ऑर्डोस खोऱ्यातलं सुलिगे गॅसक्षेत्र याच जातीचं. मी 'अल्पपार्य वालुकाश्म' लिहीन. पार्यतेला पारगम्यता पण चालतं, पण एकच धरा शेवटपर्यंत.

> आणि प्लीज पार्यतेच्या जागी सच्छिद्रता टाकू नका, पेपरवाले सर्रास टाकतात! सच्छिद्रता म्हणजे खडकात पोकळी किती, पार्यता म्हणजे त्यातून वाट किती. आपला कुहरी बेसाल्टच बघा ना, भोकंच भोकं, पण ती एकमेकांना जोडलेली नसली आणि भेगाही नसल्या तर विहिरीला पाझर कुठून फुटणार.

> +१. टाइट सँडस्टोनमध्ये पण पोकळी अगदीच नसते असं नाही, ८-१० टक्के सहज असते, घोळ असतो तो दोन पोकळ्यांमधल्या चिंचोळ्या वाटेत, इंग्रजीत पोअर थ्रोट म्हणतात ते, बऱ्याचदा एक मायक्रॉनपेक्षाही बारीक. नळीची त्रिज्या निम्मी केली की तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळावा हिस्सा उरतो, चौथ्या घाताचा हिशोब आहे तो, म्हणून सच्छिद्रता सारखी असलेल्या दोन नमुन्यांची पार्यता शंभरपट वेगळी निघू शकते. त्यात वाळूच्या कणांवर क्वार्ट्झ वाढतं, वर इलाइट नावाची चिकणमाती केसांसारखी उगवून वाट अडवते, आणि ड्रिलिंगचं पाणी आत शिरलं तर केशाकर्षणाने तिथेच धरून बसतं, वायू मागे अडकतो. या वाटा मोजायला नमुन्यात पारा दाबून घालतात, वाट जितकी बारीक तितका दाब जास्त लागतो. शब्द म्हणाल तर 'रंध्रकंठ' बरा वाटतो.

रंध्रकंठ वाचून आधी घसाच आठवला 😄 पण थ्रोट म्हणजे तोच की, घेते. मग 'अल्पपार्य' फायनल, पहिल्यांदा येईल तिथे टाइट सँडस्टोन पण लिहीन. मिलिडार्सीचं काय करू?

> तसंच ठेवा, ते माणसाच्या नावावरून आहे. आंरी दार्सी, फ्रान्सच्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा इंजिनियर, वाळूच्या थरातून पाणी किती वाहतं याचे प्रयोग त्याने १८५६ साली छापले. खरा उच्चार दार्सी, पण आपल्याकडे सगळे डार्सीच म्हणतात.