जिप्सी ६० च्या पुढे खड्ड्यावर आदळली की स्टीअरिंग थडथडतं. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, डॅम्पर सगळं करून झालं

पाटे_आणि_शॅकल

गाडी मारुती जिप्सी किंग, १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली. पाटे मूळचे, लिफ्ट केलेली नाही. टायर २०५/७० आर १५, रिम मात्र कंपनीचे नाहीत, बाजारातले अलॉय आहेत.

त्रास असा: ५५ ते ६५ च्या दरम्यान पुढचं चाक खड्ड्यात किंवा पुलाच्या सांध्यावर आदळलं की स्टीअरिंग डावी-उजवीकडे जोरात फेकायला लागतं आणि आपोआप थांबत नाही. ४० च्या खाली वेग आला की एकदम शांत. गुळगुळीत रस्त्यावर ८० पर्यंत काहीही जाणवत नाही. ब्रेक दाबल्यावर थरथर नाही.

आतापर्यंत चारही चाकांचं बॅलन्सिंग दोनदा, अलाइनमेंट, टाय रॉड एंड नवे, स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे झटके शोषणारा शॉक) नवा. डॅम्पर बदलल्यावर महिना-दीड महिना बरं होतं, मग पुन्हा तेच. किंगपिन बेअरिंग (पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं तिची बेअरिंग) गेली असं मेकॅनिक सांगतात, पण जॅकवर घेऊन चाक हलवलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, अजिबात लागत नाही. एवढं सगळं उघडण्याआधी खात्री कशी करायची?

कप_कोन

तुम्ही लक्षणं नीट लिहिली आहेत, त्यातूनच बरंच कळतं. गुळगुळीत रस्त्यावर ठरावीक वेगाला, म्हणजे समजा ७० ते ९० मध्ये, बारीक थरथर येते आणि पुढे कमी होते, तेव्हा बॅलन्सिंग, वाकडा रिम किंवा फुगलेला टायर बघायचा. फक्त ब्रेकवर येते तेव्हा डिस्क. डायल गेज लावून डिस्कचा रनआउट, म्हणजे फिरतानाची डगमग, ०.१५ मिमीच्या आत हवा. तुमचं तिसरं आहे. धक्का बसल्यावर सुरू होतं आणि वेग पाडेपर्यंत चालूच राहतं. पुढचा एक्सल अखंड असल्याने दोन्ही चाकं टाय रॉडने बांधलेली असतात. एक चाक वळलं की दुसरं वळतं, टायर रस्त्यावरून परत ढकलतो, आणि त्या हेलकाव्याला अडवणारं घर्षण कुठेच उरलेलं नसतं.

ते घर्षण द्यायचं काम किंगपिन बेअरिंगच्या प्रीलोडचं, म्हणजे बसवतानाच दिलेल्या दाबाचं, असतं. प्ले लागत नाही म्हणून बेअरिंग ठीक आहे, हा समज इथे घात करतो. प्रीलोड आधी संपतो, प्ले बऱ्याच नंतर येतो. मधल्या काळात चाक हाताला घट्ट लागतं आणि गाडी थडथडते. तेव्हा प्ले शोधत बसू नका, नकल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) वळवायला किती ओढ लागते ते ताणकाट्याने मोजा. सगळं उघडावं लागत नाही. पण त्याआधी फुकटात होणाऱ्या दोन-तीन चाचण्या करून घ्या.

पहिली: गाडी जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टीअरिंग मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना थोडं थोडं हलवत राहायचं, दुसऱ्याने खाली जाऊन प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. ड्रॅग लिंकची (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं, पिटमन आर्म (स्टीअरिंग बॉक्समधून निघणारा हात), आणि स्टीअरिंग बॉक्स चासीवर जिथे बसतो ते बोल्ट. ढिला सांधा बोटांना ‘टक’ असा लागतो, नुसतं बघून दिसत नाही. टाय रॉड एंड बदलले म्हणता, पण ड्रॅग लिंकचे बदलले का ते लिहिलेलं नाही.

दुसरी: जॅक लावा, एक्सल घोडीवर (स्टँडवर) टेकवा, चाक वर-खाली धरून हलवा. थोडा जरी प्ले लागला तर साथीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकने डिस्क नकलला बांधली जाते. प्ले नाहीसा झाला तर तो व्हील बेअरिंगचा होता, राहिला तर किंगपिनचा.

तिसरी: चाक घोडीवर असतानाच टाय रॉड सोडवून नकल हाताने डावी-उजवी फिरवा. सरळ जागी हलकासा खाचेत बसल्यासारखं वाटतं का ते बघा. किंगपिन बेअरिंग कधीच पूर्ण फिरत नाही, आयुष्यभर त्याच दहा-वीस अंशांत ठोके खाते, त्यामुळे कपवर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, रोलरच्या रेघा खोल उमटतात. अशी खाच लागली की पुढे काही तपासायची गरज नाही.

रबर_आणि_रिम

किंगपिन असेलच, पण बाहेरचे अलॉय आहेत हे वाचून थांबलो. जिप्सीच्या हबचा मधला गोल १०८ मिमीच्या आसपास असतो आणि मूळ रिम त्यावर बसतो. बाजारातल्या रिमचं मधलं भोक बरेचदा मोठं असतं, मग रिम फक्त नटांच्या उतारावर मध्यात येतो. गाडी जमिनीवर ठेवून एक नट गच्च करून मग पुढचा, असं केलं तर रिम एका बाजूला सरकून बसतो. बॅलन्सिंग मशीनला हे कळणारच नाही, कारण मशीनवर चाक शंकूसारख्या कोनने मध्यात धरलेलं असतं. चाक हवेत ठेवून पाचही नट हाताने बसवा, मग एकाआड एक नट घेत, ताऱ्यासारखं, दोन टप्प्यांत घट्ट करा. ५० ते ८० न्यूटन-मीटर पुरे. न्यूमॅटिक गन लावू देऊ नका.

आणखी एक. रिमचा ऑफसेट (हबपासून चाक किती आत-बाहेर बसतं) मूळपेक्षा बाहेर असेल किंवा स्पेसर घातला असेल, तर टायरला किंगपिनपासून लांब हात मिळतो. तोच खड्डा, तोच वेग, पण स्टीअरिंगला बसणारा झटका मोठा. ओळखीत कोणाकडे कंपनीचे लोखंडी रिम असतील तर पुढे दोन लावून त्याच रस्त्यावर एक फेरी मारा.

टायरची तारीखही बघा. बाजूवर चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. जुन्या टायरची आतली तार सुटली की वर फुगवटा येतो. चाक हवेत फिरवा, जवळ स्क्रूड्रायव्हर स्थिर धरा, अंतर दीड-दोन मिमीपेक्षा जास्त मागे-पुढे होत असेल तर टायर संशयित. हवा किती भरता? ही गाडी जेमतेम टनभर वजनाची, ३५ पीएसआय भरून टायर चेंडूसारखा उडतो. दाराजवळच्या तक्त्यावर असेल तेवढीच भरा.

घाटमाथा_४१३

डॅम्पर नव्याने लावल्यावर महिनाभर बरं होतं म्हणता, तर कदाचित हलका डॅम्पर मिळाला असेल. जास्त ताकदीचा घाला. सोबत स्टीअरिंग बॉक्सचा वरचा स्क्रू पाव फेरी आवळून बघा, बराच फरक पडतो.

कप_कोन

दोन्ही गोष्टींना माझा विरोध आहे, कारण दोन्हीत धोका आहे.

डॅम्पर हा शेवटचा मदतनीस. पुढचा एक्सल ठीक असेल तर डॅम्पर काढूनही ही गाडी या वेगाला सरळ चालायला हवी. नवा डॅम्पर लावून बरं वाटलं आणि परत आलं, याचा अर्थ हेलकावा आतून तयार होतोय आणि डॅम्पर मार खाऊन थकतोय. जास्त कडक डॅम्पर घातला तर तीन-चार महिने लक्षण दडून राहील, तेवढ्यात टाय रॉड एंड आणि बॉक्स झिजेल.

बॉक्सच्या स्क्रूचं तर फार सांभाळायला हवं. तो स्टीअरिंग अगदी सरळ असतानाच लावायचा, कारण गिअर मधल्या जागी सर्वांत घट्ट असतो. थोडं वळवून आवळला की सरळ जागी अडकतो, वळणानंतर स्टीअरिंग आपोआप परत येत नाही. स्टीअरिंगच्या गोल कडेवर मोजला तर १० ते ३० मिमी मोकळा खेळ चालतो. त्यात बसत असेल तर हात लावू नका.

आणि तोवर गाडी चालवताना: अंगठे स्पोकच्या आत अडकवू नका, झटक्याने मोडू शकतात. सुरू झालं की ॲक्सिलरेटर सोडा, दोन्ही हातांनी घट्ट धरा, ब्रेक हळू. कचकन ब्रेक मारल्यावर सगळं वजन त्याच पुढच्या चाकांवर येतं.

पाटे_आणि_शॅकल

सगळ्या चाचण्या केल्या. ड्रॅग लिंकचा पिटमनकडचा सांधा थोडा ढिला लागला. व्हील बेअरिंगला प्ले नाही. नट सुटे करून चाकं पुन्हा बसवली, हवा ३२ होती ती कमी केली, त्याने झटका थोडा मऊ झाला पण बंद नाही. डाव्या नकलला सरळ जागी हलकी खाच लागते, उजव्याला नाही. डाव्या बाजूला नकलच्या मागच्या सीलमधून पातळ, काळपट तेल झिरपतंय. ग्रीस वितळलं असेल का?

कप_कोन

ते ग्रीस नाही. बोटावर घेऊन वास घ्या, गिअर ऑइलचा उग्र वास येईल. एक्सलच्या नळीतलं आतलं ऑइल सील गेलं की डिफरन्शिअलचं तेल नकलच्या गोळ्यात येतं आणि ग्रीस धुऊन काढतं. किंगपिन बेअरिंग कोरडी पडते ती अशी. सील नवं घालूनही परत गळत असेल तर डिफरन्शिअलचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) बघा. चिखलाने बुजला की तेल गरम झाल्यावर दाब सीलवरच निघतो.

आता मोजणी. चाक काढा. कॅलिपर सोडून तारेने टांगा, होजवर लटकवू नका. टाय रॉडचा सांधा नकलमधून सोडवा. स्प्लिट पिन काढून नट सैल करायचा आणि नकलच्या डोळ्याच्या बाजूवर हातोडीचे दोन ठोके. आट्यांवर मारू नका. मग नकलच्या मागची सील प्लेट, १० च्या पान्याचे आठ बोल्ट, सोडून सील मागे सरकवा. हे टाळलंत तर तुम्ही बेअरिंगची नाही, रबराची ओढ मोजाल. फ्री व्हील हब (चाक ड्राइव्ह शाफ्टला जोडणारा-सोडणारा) सुटा ठेवा.

ताणकाट्याचा हूक नकलवरच्या टाय रॉडच्या भोकात अडकवा आणि नकलच्या त्या दांड्याशी काटकोनात, हळूहळू ओढा. नकल हलायला सुरुवात होते त्या क्षणाचा आकडा घ्यायचा, चालू फिरतानाचा नाही. बॅगा तोलायचा डिजिटल काटा चालेल, पण तो सर्वांत मोठा आकडा धरून ठेवणारा हवा. सील नसताना १ ते १.८ किलो यायला हवेत. तीन वेळा घ्या, दोन्ही बाजूंना. लिहून ठेवा.

आकडा कमी आणि बेअरिंग गुळगुळीत असेल तर नुसता शिम (पिनखालची पातळ पत्री) कमी करून भागतं. वरच्या किंगपिनचे चार बोल्ट काढायचे, पिन उचलायची, खालून ०.१ मिमीचा एक शिम काढून परत बसवायची. बोल्ट २० ते ३० न्यूटन-मीटर, आडवे-तिडवे. पुन्हा मोजा. १.८ च्या वर गेलं तर शिम परत घाला. घट्ट म्हणजे चांगलं असं इथे नाही, मग वळणावरून स्टीअरिंग परत येणार नाही आणि बेअरिंग महिन्यात खडबडीत होईल.

तुमच्या डाव्या बाजूला खाच आहे, तिथे शिम काढून उपयोग नाही. रोलर त्याच रेघांत बसतात, बाजूला सरकले की घट्ट, सरळ जागी सैल. बेअरिंगच बदला, वरची-खालची दोन्ही, आणि दोन्ही बाजूंच्या. कोन (रोलरसकट आतलं कडं) नवा आणि कप जुना असं करू नका. कप एक्सलच्या टोकात ठोकून बसवलेला असतो. नवा बसवताना जुनाच कप घासून त्यावर ठेवून मारा, म्हणजे नवा वाकडा जात नाही. तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो. नकल काढताना खालचं बेअरिंग पडतं, हात खाली ठेवा. कोणत्या पिनखाली किती शिम होते ते चिकटपट्टीवर लिहून पिनलाच लावा, तिथूनच जुळणी सुरू करायची असते.

हब उघडलंच आहे तर व्हील बेअरिंगही जुळवून घ्या: ५४ मिमी सॉकेटने, हब फिरवत फिरवत ८० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, पूर्ण सैल करा, मग १० ते १५ वर आणा. व्हील बोल्टला काटा लावून १ ते ३ किलोला हब फिरायला हवं.

रबर_आणि_रिम

शेवटी टो (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत) बघा, टाय रॉड सुटला होता म्हणजे हलला असणार. गाडी सरळ उभी, दोन्ही टायरच्या मधोमध हबच्या उंचीला पुढून खडूची खूण, अंतर मोजा. मग गाडी पुढे ढकला, खुणा मागे त्याच उंचीला आल्या की परत मोजा. पुढचं अंतर २ ते ६ मिमीने कमी हवं. शून्य किंवा उलटं असेल तर चाकं ठरत नाहीत, इकडून तिकडे शोधत राहतात. कॅस्टरला (किंगपिनच्या मागे झुकण्याच्या कोनाला) या एक्सलवर जुळणी नाही, मूळ साडेतीन अंश. तुमची लिफ्ट नाही म्हणून ठीक. लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती पट्टी) घालणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला आहे, ती लांबवली की कॅस्टर कमी होतो. पाट्यांचे बुश आणि यू बोल्टही हाताने तपासा. मधला बोल्ट तुटून एक्सल सरकलेला असेल तर दोन्ही बाजूंचा व्हीलबेस सारखा येणार नाही, मूळ २३७५ मिमी.

पाटे_आणि_शॅकल

मोजलं. डावीकडे ४०० ग्रॅम, उजवीकडे ९००. डावा खालचा कप काढला, त्यावर रोलरच्या रेघा नखाला लागतात इतक्या खोल. चारही बेअरिंग, दोन्ही आतले सील, ड्रॅग लिंकचा तो सांधा बदलला. ब्रीदर खरंच बुजलेला होता. आता डावीकडे १.५, उजवीकडे १.४ किलो. टो ४ मिमी. त्याच पुलाच्या सांध्यावरून ६५ ने तीन वेळा गेलो, एक झटका बसतो आणि तिथेच संपतो. डॅम्पर काढूनही एक फेरी केली, तेच. शिम पुन्हा कधी तपासायचे?

कप_कोन

१००० किमीला एकदा. नवे कप थोडे बसतात, १.५ चे १.१-१.२ होतील, ते चालेल. १ च्या खाली गेलं तर ०.१ चा एक शिम काढा. पाण्यातून, नदीतून गाडी गेली की नकलचं ग्रीस बघायचं, दुधाळ झालं असेल तर लगेच धुऊन नवं भरा.