मदत हवी आहे : 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहू?

नमस्कार मंडळी. तासगाव-विटा भागात घरोघरी बीपी आणि शुगरचं सर्वेक्षण करतेय. व्यवसायावरून घराचा सामाजिक-आर्थिक वर्ग ठरवायचा आणि आजाराशी ताडून बघायचं, तिथेच गाडं अडलंय.

परवाचंच घर सांगते. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, दीड एकर, म्हणून कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय 'शेती'. मुलगा परराज्यात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या दुकानात, दिवसभर भट्टी आणि तेजाबाच्या वाफेपुढे. सून दुसऱ्याच्या द्राक्षबागेत रोजानं जाते. बोटांवर फवारणीच्या मोरचुदाचा निळसर डाग तसाच होता. म्हणाली, "ताई, माझं काय लिवताय, घरकाम लिवा." त्या घरात बीपी सगळ्यांत जास्त तिचंच निघालं.

इंग्लंडात १९११ पासून व्यवसायावरून वर्ग पाडून मृत्युदर तपासत आले, पण तिथंही लग्न झालेली बाई बहुतेकदा नवऱ्याच्या वर्गात मोजली जायची. आपल्याकडे गुण देऊन वर्ग ठरवायची कुप्पुस्वामी पट्टी (१९७६) शहरांसाठी, आणि धंदा धरते तो कुटुंबप्रमुखाचाच. पारीक यांची १९६४ ची पट्टी ग्रामीण आहे, जमीन-घर-जनावरं बघते, पण गुणांकन अख्ख्या कुटुंबाचं. सून त्यातही दिसत नाही.

घरातल्या प्रत्येकाचं काम वेगळं नोंदवून कुणी अभ्यास केलाय का? हंगामी मजुरीत मुख्य काम ठरवताना जास्त महिने धरायचे की जास्त कमाई? मराठी प्रश्नावली असेल तर कृपया पाठवा. सोमवारी पुन्हा गावात जायचंय, आणि तिच्या नावापुढे 'गृहिणी' लिहायला हात धजत नाही.