उष्णतेची लाट पण आणि वादळी पाऊस पण, एकाच आठवड्यात? हळदीचं काय करू

हळद_हिंगोली:
मंडळी, मराठवाड्याचा पाच दिवसांचा अंदाज बघितला, आधी दोन दिवस उष्णतेची लाट आणि मग लगेच तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, वारा ताशी 30 ते 40 किमी, तापमान मात्र तेव्हाही 42 च्या आसपासच. हळद शिजवून वाळत घातलीय, अजून चांगलं ऊन पाहिजे. झाकून ठेवावी तर ताडपत्रीखाली घाम धरते, उघडी ठेवली अन् एक सर आली तर रंग गेला. गावात एक म्हणतो एवढ्या उन्हात पाऊस कुठला, दुसरा म्हणतो एवढं तापलं म्हणजे येणारच. कोणाचं धरू?

ढगांचा_नाद:
दादा, दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. एप्रिल-मे मध्ये वायव्येकडून कोरडं गरम वारं येतं आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारं आत शिरतं, विदर्भापासून मराठवाड्यातून खाली कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा पट्टा तयार झाला की ही दोन्ही तिथं भिडतात. दिवसभर तापलेली जमीन हवा वर ढकलते, दुपारनंतर ढग भराभर उंच वाढतात आणि संध्याकाळच्या सुमारास कोसळतात, कधी गारांसकट. पण ओलावाच नसेल तर पारा 44 ला गेला तरी आभाळ कोरडंच राहतं. म्हणून नुसतं ऊन बघू नका, सकाळपासून चिकचिक वाढली का, आणि दुपारी फुलकोबीसारखे ढग वर चढतायत का ते बघा.

आणि तुरळक ठिकाणी म्हणजे विभागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के हवामान केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" लिहिलं की 26 ते 50 टक्के. म्हणजे तुमच्या रानात न येण्याची शक्यता जास्त, पण ज्याच्या रानात येतो त्याच्याकडे धो धो येतो हे पण खरंच.

वसमतकर:
भाऊ पाच दिवसांच्या अंदाजावर हळद झाकू नका, त्याच्यावर फक्त तयारी करा, म्हणजे ताडपत्र्या, दोऱ्या, दगड आणि माणसं हाताशी. झाकायचं की नाही ते त्याच दिवशी ठरवायचं, हवामान खातं जिल्ह्यानुसार पुढच्या तीन तासांचा इशारा देतं तो दुपारपासून बघत राहा, आणि दामिनी ॲप घ्या, जवळपास वीज पडत असेल तर कळतं. आम्ही अशा दिवसात हळद लांबच लांब पसरत नाही, अरुंद पट्ट्यात ठेवतो म्हणजे दोन माणसं पटकन ओढून रास करतात. रात्री झाकायची, ऊन पडलं की लगेच उघडायची. जागा मात्र उंचवट्याची पाहिजे, वरून झाकलं आणि खालून पाणी शिरलं तर काय उपयोग.

मंडळ_कृषी:
लाटेचं पण गंभीरपणे घ्या, सगळे पावसाचंच बोलतायत. सपाट भागात कमाल 40 किंवा त्याच्या वर आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंश जास्त, किंवा सरळ 45 गाठलं, तर लाट धरतात. मे मध्ये आपल्याकडं सरासरीच चाळिशीच्या वर असते म्हणून 42 ला लाट जाहीर होत नाही, पण उन्हात हळद उलथणाऱ्या माणसाला ते 42 पण तेवढंच धोक्याचं. काम सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर ठेवा, मधे नको. कोणी बडबडायला लागलं, चक्कर आली किंवा अंग तापून शुद्ध हरपायला लागली तर सावलीत घ्या, अंगावर पाणी मारत वारा घाला आणि थेट दवाखाना, वाट बघू नका. आणि एक सर पडून गेली की दुसऱ्या दिवशी दमट उकाडा वाढतो, घाम सुकत नाही, तेव्हा थर्मामीटरवर कमी दिसलं तरी त्रास जास्त होतो.

हळद_हिंगोली:
खूप आभार सगळ्यांचे, पट्ट्याचं आजच करतो. एक राहिलं, आभाळ भरून आलं अन् बाया रानात रास करत असल्या तर किती वेळ थांबता येतं?

ढगांचा_नाद:
गडगडाट कानावर आला की थांबायचंच नाही, तेवढी वीज अंगावर यायला पुरेशी जवळ असते. हळद राहू द्या. पक्क्या घरात जा, नाहीतर काचा बंद केलेल्या जीपमध्ये. झाडाखाली किंवा चारी बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडात नको, ट्रॅक्टरवर पण नको. शेवटचा गडगडाट झाल्यावर 30 मिनिटं मोजा, मगच बाहेर या.